घरच्या फोटोंमध्ये रंग आणि मांडणी कशी साधावी

घरात काढलेले बहुतेक फोटो रंग कमी पडल्यामुळे नव्हे, तर रंगांची गर्दी झाल्यामुळे फसतात. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कोणत्याही फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर आणावा: भिंतीवर देवाच्या चित्राचे कॅलेंडर, निळी प्लॅस्टिकची खुर्ची, पोपटी पडदे, सोफ्यावर वाळून आलेल्या कपड्यांचा ढीग, आणि या सगळ्यांच्या मधोमध ज्याचा फोटो काढायचा ते मूल. आपल्या नजरेला ही गर्दी जाणवत नाही, कारण आपले लक्ष मुलाकडे असते. कॅमेऱ्याला मात्र मूल आणि कॅलेंडर यांत काहीच फरक करता येत नाही. म्हणून हौशी छायाचित्रकाराने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: एका चौकटीत एकाच रंगाला मुख्य मान द्यावा, दुसरा एखादा रंग सोबतीला घ्यावा आणि बाकीचे शक्य तितके चौकटीबाहेर ठेवावेत.

यासाठी कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी डोळे बारीक करून समोरचे दृश्य पाहावे. बारकावे पुसट होतात आणि रंगांचे पट्टे तेवढे उरतात. त्यांतला सर्वांत भडक पट्टा जिथे असेल तिथेच फोटो पाहणाऱ्याची नजर आधी जाणार. तो पट्टा माणसाच्या अंगावर किंवा चेहऱ्याजवळ असेल तर उत्तम. तो कोपऱ्यातल्या लाल बादलीचा असेल, तर आपण एक पाऊल सरकावे, खाली बसावे किंवा जवळ जावे. बादली उचलून ठेवणे हा शेवटचा उपाय, कारण आपण वस्तू हलवू लागलो की माणसे सावध होतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सहजपणा जातो.

रंगांच्या जोड्या ओळखायला शिकणे हा यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा हे रंगचक्रात एकमेकांच्या समोर येणारे रंग शेजारी ठेवले की दोन्ही अधिक उठून दिसतात. पण दोघांना सारखीच जागा दिली तर ते भांडू लागतात. एकाला चौकटीचा मोठा भाग आणि दुसऱ्याला लहानसा द्यावा. आमच्या घरी रविवारी सकाळी आई बाल्कनीच्या दाराशी चटईवर बसून मेथी निवडते. पुढ्यात वर्तमानपत्रावर हिरवा ढीग, शेजारी स्टीलचे ताट आणि अंगावर आमसुली रंगाची सुती साडी. उभ्याने फोटो काढला तर चौकटीत चटईची नक्षी आणि वर्तमानपत्रातली मोटारीची जाहिरातच जास्त येते. जमिनीलगत बसून, ताटाच्या कडेच्या उंचीवरून पाहिले की जाहिरात दिसेनाशी होते, हिरवा ढीग चौकटीच्या खालच्या पट्टीत येतो, वर साडीचा आमसुली रंग पसरतो आणि ताटाच्या चकचकीत काठावर त्याच साडीची एक बारीक रेघ उमटते. इथे ‘आजी, इकडे बघ’ असे नातवंडांना म्हणू देऊ नये. तिची नजर देठांवर आणि बोटांवर असते आणि आपल्याला तीच हवी असते.

प्रकाशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रंग म्हणजे अखेर प्रकाशच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक खिडकीची दिशा आणि तिथे ऊन येण्याची वेळ एकदा नीट पाहून ठेवावी. ठाणे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर राहतो, त्यामुळे ऊन तिरपे होऊन खोलीत आतपर्यंत शिरते. फोटोसाठी हे हिवाळी ऊन फार मोलाचे आहे. मे महिन्यात भर दुपारी बाहेर चेहऱ्यांचे फोटो काढू नयेत, कारण डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश सगळीकडून सारखा आणि मऊ येतो. कपड्यांचे रंग या प्रकाशात जितके खरे दिसतात तितके क्वचितच दिसत असतील.

पावसाळ्यात एक काळजी मात्र घ्यावी लागते. दुकानांवर आणि बाजारातल्या गाळ्यांवर निळी ताडपत्री ताणलेली असते, आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर निळसर छटा पडते. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावरील दाट झाडीत हिरवी छटा पडते, घरात पोपटी पडद्याजवळही पडते. ही छटा नंतर फोनवर दुरुस्त करायला गेलो तर बाकीचे रंग बिघडतात. माणसाला ताडपत्रीच्या किंवा झाडाच्या कडेशी, मोकळ्या आकाशाखाली आणणे हाच खरा उपाय.

रात्री घरातला प्रकाश अधिक अवघड असतो. प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर आहे ते रंगतापमानाने मोजतात: केल्व्हिनचा आकडा कमी तितका प्रकाश नारिंगी, जास्त तितका निळसर. भरदुपारच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५,५०० केल्व्हिन, पिवळ्या दिव्याचे सुमारे २,७००, पांढऱ्या एलईडी ट्यूबचे बहुधा ६,५००, तर निरांजनाच्या ज्योतीचे १,९००च्या आसपास असते. यांतले दोन एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळसर होते, आणि कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणाऱ्या सोयीला, दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. म्हणून एकच प्रकारचा दिवा चालू ठेवावा. गणपतीच्या आरतीच्या वेळी घरच्यांची हरकत नसेल तर ट्यूबलाइट आणि मखरातली रंग बदलणारी माळ पाच मिनिटे बंद करावी, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवावा आणि निरांजनाचा पिवळेपणा तसाच येऊ द्यावा, कारण तोच त्या क्षणाचा रंग आहे. फ्लॅश वापरू नये.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येत असतील तर त्याचे कारण आपल्या विजेत आहे. आपल्याकडे वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेग, म्हणजे कॅमेरा प्रकाश आत घेतो तो कालावधी, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की पट्टे सहसा नाहीसे होतात. पळणाऱ्या मुलासाठी मात्र १/२५० किंवा त्याहून जास्त वेग लागतो, म्हणून मुलांचे खेळ दिवसाच टिपावेत हे बरे.

लाल, केशरी आणि गडद पिवळा हे आपल्या सणांचे रंग, आणि कॅमेऱ्याला नेमके हेच सर्वांत जड जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात झेंडूच्या राशींपुढे घरच्यांना उभे करून फोटो काढले की बऱ्याचदा फुले म्हणजे नुसता केशरी गोळा दिसतो. पाकळ्या दिसतच नाहीत. लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोहोचलेली असते आणि तिथला तपशील पुसला जातो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा प्रकाश, अर्धा ते पाऊण स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). फोनवर फुलांवर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह किंचित खाली ओढले तरी पुरते. चेहरे थोडे काळसर आले तर ते नंतर उजळता येतात, पण गेलेल्या पाकळ्या परत आणता येत नाहीत. फोनमध्ये रंग आपोआप भडक करणारी सोय असेल तर ती सणाच्या दिवशी आठवणीने बंद करावी.

पैठणीसाठी वेगळा विचार करावा. तिच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग निराळे असतात, त्यामुळे एकाच साडीत कोन बदलला की दुसराच रंग झळकतो. नेसलेल्या व्यक्तीला खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकी एका बाजूला येईल असे उभे करावे आणि हळूहळू वळायला सांगावे. पदराच्या चुण्यांमध्ये एका बाजूला डाळिंबी आणि दुसऱ्या बाजूला मोरपंखी दिसू लागले की थांबवावे. जरही अशाच तिरप्या प्रकाशात चमकते. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये जर पांढरी पडते आणि दुसरा रंग हरवतो.

मांडणीसाठी घराची रचनाच कामाला लावावी. छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी भारतातली रंगांची गर्दी टाळली नाही. ॲम्बेसेडर मोटारीची दारे आणि काचा यांनी चौकटीचे भाग पाडून त्यांनी ती आवरली. आपल्या घरात हेच काम दाराच्या चौकटी, बाल्कनीची ग्रिल आणि स्वयंपाकघराचा ओटा करू शकतात. हॉलमध्ये उभे राहून स्वयंपाकघराच्या दारातून आतल्या माणसाचा फोटो काढला की दोन्ही बाजूंच्या भिंती गर्दी झाकतात आणि आतला एक उजळ, रंगीत तुकडा तेवढा उरतो. ग्रिलची सळई डोक्यातून उगवल्यासारखी दिसत असेल तर वीतभर बाजूला सरकावे. माणूस ज्या दिशेला पाहत असेल त्या बाजूला जागा मोकळी सोडावी. तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवणे, सुरुवातीला उपयोगी आहे, पण माझ्या मते घरच्या फोटोंत त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅमेऱ्याची उंची: मुलाचा फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा.

एकत्र फोटोसाठी सर्वांना एकाच रंगाचे कपडे घालायला लावू नयेत. त्यात चेहरे वेगळे उठून दिसत नाहीत. अबोली, मोतिया, आमसुली अशी एका घराण्यातली रंगसंगती सुचवावी, आणि कुणी पैठणी किंवा गडद शालू नेसणार असेल तर तिला मधोमध बसवावे. वडीलधारी माणसे खुर्चीवर, मुले खाली, बाकीचे मागे, अशी डोक्यांची चढ-उतार ठेवावी. जागा कमी म्हणून फोनची ०.५ची अतिरुंद लेन्स वापरण्याचा मोह होतो, पण तिच्यामुळे कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात. त्याऐवजी जिन्याच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर जावे. ज्याला फोटो नको असेल त्याला आग्रह करू नये.

बाहेर फोटो काढण्यासाठी तलावपाळीची, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठची, संध्याकाळ उत्तम. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी आकाश गडद निळे होते आणि त्याच वेळी काठावरचे दिवे लागतात. मासुंद्याच्या पाण्यात निळा आणि नारिंगी एकत्र येतात. माणसांना दिव्याच्या जवळ उभे करावे आणि निळे आकाश मागे ठेवावे. आकाश काळे झाले की रंग संपतात.

शेवटी, निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत. फोनचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो आणि ६×४ इंचांचा कागद ३:२ प्रमाणात, म्हणून आडवा फोटो छापताना वरची किंवा खालची कड कापली जाते. फोटो काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडावी. या आकारासाठी १८०० × १२०० पिक्सेल पुरेसे असतात, पण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबला जातो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. रंग दुरुस्त करताना फोनची रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद ठेवावी. मोठा फोटो छापायचा असेल तर आधी त्याच स्टुडिओतून त्याचीच एक लहान प्रत काढून, ती खिडकीच्या उजेडात पाहून मगच पुढचे सांगावे.