ट्रंपेट रेकॉर्ड करताय? माइकच्या या चुका टाळा

मिरज म्हणजे सतार-तानपुऱ्यांचं गाव, त्यामुळं सांगली-मिरजेकडच्या छोट्या स्टुडिओत माइक घेताना डोक्यात गाणं नाहीतर तंतुवाद्य असतं, म्हणजे बारीकसारीक सगळं टिपणारा मोठ्या कॅप्सूलचा (आवाज टिपणाऱ्या चकतीचा) कंडेन्सर माइक. त्यात चूक काहीच नाही. पण लग्नसराई संपली की बँडवाल्यांना एखादं गाणं रेकॉर्ड करायचं असतं, ट्रंपेटवाला येतो, आणि त्याला पण तोच माइक, तोच स्टँड, वीतभर अंतर. मग रात्रभर इक्यूशी, म्हणजे आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करणाऱ्या बटणांशी, झटापट चालू, की हा आवाज एवढा टोचतोय का.

टोचणारच ना. ट्रंपेटचा तिखटपणा बेलमधून, म्हणजे पुढच्या पसरट तोंडातून, सरळ रेषेत बाहेर पडतो, बाजूला उभं राहिलं तर तोच आवाज बराच गोल लागतो. स्वस्तातल्या कंडेन्सरमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच उचललेल्या असतात, गायकाचे शब्द स्वच्छ यावेत म्हणून. दोन्ही एकत्र आले की कान फाटतात. म्हणून माइक बेलच्या समोरून थोडा बाजूला घ्या आणि 2-3 फूट मागं न्या. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं, नवीन माइक घ्यायची वेळच येत नाही.

दुसरी भानगड फुटक्या आवाजाची. कॉम्प्युटरवर मीटर लाल होत नाही, तरी वरचा सूर लागला की चरचर येते, आणि लोक फेडर (आवाज वर-खाली करायचं सरकतं बटण) खाली ओढत बसतात. फेडरचा काय संबंध, आवाज त्याच्या आधीच फुटलाय. आधी इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा, गेन कमी करून तोच सूर परत वाजवायला सांगा. चरचर गेली तर त्यातला प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) भरत होता. राहिली तर माइकच्या आतलं सर्किट भरतंय, मग माइकवरचा पॅड (आवाज दाबणारा स्विच) लावा, इंटरफेसवरच्या पॅडनं काही होणार नाही. बेलच्या तोंडाशी आवाज 120 डीबीच्या वर सहज जातो, आणि न्यूमनचा यू 87 एआय, एवढा महागडा माइक, तो सुद्धा पॅडशिवाय 117 डीबीपर्यंतचाच आवाज पेलतो, पॅड लावल्यावर 127. लेव्हल बघताना वादकाला हळू वाजवायला लावू नका, गाण्यातली सगळ्यात जोराची जागा वाजवून घ्या आणि मीटरवरचं शिखर -10 डीबीच्या आसपास ठेवा.

बजेट कमी असेल तर शुअरचा एसएम 57 माइक बिनधास्त लावा, थोडा तिरका. सेनहायझरचा एमडी 421 मिळाला तर अजून भरीव आवाज येतो, फक्त खालचा गोल स्विच एम वर आहे का बघा, एस कडं फिरवलेला असेल तर बास कापला जातो आणि मग ट्रंपेट पातळ येतंय म्हणून माइकला शिव्या.

ब्राससाठी, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांसाठी, माझी पहिली पसंती मात्र रिबन माइक. कोल्स 4038 किंवा रॉयर आर-121 सारखा माइक वरचा तिखटपणा आपोआप मऊ करतो. पण आतली पट्टी म्हणजे काही मायक्रॉनची ॲल्युमिनियमची फॉइल, त्यामुळं फुंकर मारून माइक चालू आहे का बघणाऱ्या मंडळींपासून लांब ठेवा. फँटमची (इंटरफेसमधून केबलनं माइकला जाणाऱ्या 48 व्होल्टची) भीती, की त्यानं रिबन खराब होतो, अर्धी खरी आहे. साध्या पॅसिव्ह रिबनला केबल धड असेल तर 48 व्होल्टनं सहसा काही होत नाही, पण सोल्डर सुटलेली, पिन शॉर्ट झालेली केबल असली की पट्टी ताणली जाते, आणि आपल्याकडं अशा केबलींचा तुटवडा नाही! ॲक्टिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर असलेल्या रिबनला फँटम लागतंच, तेव्हा आधी मॉडेल वाचा.

रिबन मागून पण तेवढंच ऐकतो, इथंच 10 बाय 12 ची खोली घात करते. पातळ फोम फक्त वरचं खातो, डबा वाजल्यासारखा आवाज तसाच राहतो. त्यापेक्षा माइकच्या मागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक असेल तर वाकळ वादकाच्या पाठीमागं, कारण माइकचं तोंड तिकडं आहे.

वरातीत वाजवणारा माणूस चालत, डुलत वाजवतो, त्याची बेल एका जागी थांबत नाही. एक टेक भरीव आणि पुढचा पातळ येत असेल तर माइक बदलू नका, जमिनीवर पायाच्या जागी टेप चिकटवा आणि हेडफोनचा एक कान उघडा ठेवू द्या, म्हणजे स्वतःचा सूर ऐकू येतो.

ट्रॉम्बोनला स्लाइड पूर्ण बाहेर काढून अंतर बघा, नाहीतर स्टँडवर ठोकर ठरलेली. युफोनियमची बेल वर असते, तिथं माइक वरूनच. हार्मन म्यूट (बेलमध्ये बसवायचा, आवाज दाबणारा) लावला तर आवाज एकदम बसतो, तेव्हा मात्र 6-8 इंचांवर या.

आणि मधेच गुळगुळ असा आवाज आला की केबल हलवू नका. नळीत पाणी साठलंय, वादकाला किल्ली दाबून काढायला सांगा, खाली फडकं टाका.