वाइन टेस्टिंगचे वर्ग सुरू करताय? आधी बर्फाचं बघा, आणि या चुका टाळा

नाशिकच्या वाइनरीत पाच घोट चाखून मुंबईला परतणाऱ्या माणसाचं नव्या व्यवसायाचं नाव इगतपुरीपर्यंत ठरतं, आणि कसारा घाट उतरेपर्यंत लोगोही. पुढच्या शनिवारी पहिली टेस्टिंग! उत्साहाला हरकत नाही. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर दिंडोरीपासून अकलूजपर्यंत वाइनरी उभ्या राहिल्या, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ग्लासात काय आहे ते साध्या मराठीत सांगणारी माणसं अजून मोजकीच आहेत. तरीही नव्या टेस्टिंग त्याच त्या ठिकाणी आपटतात, आणि वाइनचं ज्ञान कमी पडलं म्हणून क्वचितच. अभ्यास झालेला असतो, बर्फ आणलेला नसतो.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो. ‘रेड रूम टेंपरेचरला, व्हाइट थंड’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या घरांसाठी होतं. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये ३२ अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोल भराभर उडतो आणि थेट नाकात शिरतो. फळाचा वास त्याखाली दबतो आणि घशाला जळजळ होते. मग समोरचा म्हणतो, “रेड आपल्याला झेपत नाही बुवा.” त्याला झेपली नाही ती उकाड्यातली बाटली.

बाणेरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमधली टेस्टिंग याचा नमुना म्हणून पुरेशी आहे. बारा माणसं, सहा वाइन, मे महिना. यजमानाने फोटो छान यावेत म्हणून तिन्ही रेड दुपारी चारलाच टेबलावर मांडल्या, त्याही खिडकीजवळ. स्पार्कलिंग, व्हाइट आणि रोझे क्लबच्या फ्रिजमध्ये कोंबल्या. त्या फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी कोणीतरी पाण्यासाठी उघडत होतं. पाच किलो बर्फ सांगितला होता. तो आला सातला दहा कमी असताना, गोणपाटात गुंडाळलेली अखंड लादी. फोडायला काही नव्हतं. वॉचमनकडून हातोडी आणेपर्यंत पहिली बाटली उघडायची वेळ झाली. स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, आणि गरम बाटलीत तो आणखी वाढतो. बूच सुटलं, आणि पाव लिटर तरी वाइन टेबलक्लॉथने प्यायली. ५० मिलीचे घोट ४० वर आले. शेवटच्या शिराजपर्यंत (त्या द्राक्षाची जड रेड) लोक पाणीच मागत होते, आणि यजमान “हीच तिची बॉडी”, म्हणजे तोंडात जाणवणारा भारदस्तपणा, म्हणून समजावत होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वाइनरीला नावं ठेवली गेली, तीही त्यानेच ठेवली.

उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, हलकी व्हाइट आणि रोझे ८ ते १०, लाकडी पिंपात मुरलेली व्हाइट ११-१२, रेड १५ ते १८. ग्लासात ५० मिली वाइन बघता बघता तापते, म्हणून ओतताना दोन अंश खालीच ठेवा. बादलीत नुसता बर्फ टाकू नका. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, बाटली गळ्यापर्यंत बुडालेली. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, आणि हवा बाटलीची उष्णता नीट ओढून घेत नाही. बर्फाच्या पाण्यात ३० अंशांची व्हाइट वीस-पंचवीस मिनिटांत तयार होते, रेडला सात-आठ मिनिटं पुरतात. तेच काम करायला फ्रिजला दोन तास आणि वर लागतात. बारा माणसांना दहा किलो बर्फ धरा, खड्यांचाच मागवा, आणि तो कार्यक्रमाच्या दोन तास आधी हातात असला पाहिजे. फ्रीझरमध्ये बाटली टाकून विसरणाऱ्यांबद्दल काही न बोललेलं बरं.

बाटली कुठून आणली हे न बघणं

दुकानात ट्यूबलाइटखाली, काचेला टेकून उभी असलेली बाटली उचलू नका, सवलत असली तरी. बूच किंचित वर आलेलं असेल किंवा गळ्याशी ओघळ असेल तर वाइन तापलेली आहे. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांच्या व्हाइट नेहमी शेल्फवरच्या सगळ्यात ताज्या वर्षाच्या घ्या. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्याच वर्षीची व्हाइट काही महिन्यांत दुकानात येते. तीन वर्षं दुकानात उभी राहिलेली शेनिन दाखवून ‘ताजेपणा’ शिकवता येत नाही. बूच असलेल्या प्रत्येक वाइनची एक जादा बाटली ठेवा. टीसीए या रसायनाने बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. स्क्रू कॅपच्या बाटलीत ही कटकट जवळपास नसते. नवशिक्यांनी सुरुवातीला त्याच घ्याव्यात. बूच काढण्याच्या थाटासाठी धोका पत्करू नये.

खोलीचा आणि ग्लासचा वास

फिनेलने पुसलेली फरशी, उदबत्ती, रूम फ्रेशनर, यजमानाचं परफ्यूम, शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी. यातलं एक जरी असलं तरी नाक कामातून गेलं. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा: अत्तर नको, मोगऱ्याचा गजराही नको. लोक हसतात, पण ऐकतात.

ग्लास भांड्यांच्या साबणाने घासून पुठ्ठ्याच्या खोक्यात उलटे रचले, की त्यांना साबण आणि पुठ्ठा दोन्हीचा वास लागतो. नुसतं गरम पाणी, सुती कापड, आणि वापरण्याआधी रिकामा ग्लास हुंगून बघणं, इतकंच. टेस्टिंगसाठी आयएसओ प्रमाणाचा साधारण २१५ मिलीचा, वर निमुळता होणारा ग्लास पुरतो. प्लास्टिकचे पेले आणणाऱ्याने वर्ग घेऊ नयेत, सरबत विकावं. बारा जणांना सहा वाइन शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची तर ७२ ग्लास लागतील. तेवढे नसतील तर दोन-दोनच्या जोड्या लावा आणि माणशी दोन ग्लास द्या. मधे पाण्याने विसळण्यापेक्षा पुढच्याच वाइनचा चमचाभर घोट फिरवून टाकलेला चांगला.

ब्लॅककरंट, गूजबेरी आणि शांत बसलेली माणसं

दुसरी आवडती चूक ही. इंग्रजी टेस्टिंग नोट्स पाठ करून आलेला शिक्षक गूजबेरी म्हणतो, लोक मान डोलावतात. त्यांनी गूजबेरी कधी हुंगलेली नसते, बऱ्याचदा शिक्षकानेही नसते. वास शिकवायचा तर तो समोर ठेवावा लागतो. सहा झाकलेल्या वाट्या करा: पिकलेल्या पेरूची फोड, हिरव्या ढोबळी मिरचीचा तुकडा, ठेचलेले चार-पाच काळ्या मिरीचे दाणे, लवंग, मध, आणि हंगाम असेल तर करवंद किंवा जांभूळ. आधी डोळे मिटून वाट्या ओळखायला लावा, मग वाइन द्या. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू आणि ढोबळी मिरची लोक स्वतःहून पकडतात. यात कल्पनाशक्ती नसते. मिरचीचा तो हिरवा वास देणारी पायराझिन गटातली रसायनं द्राक्षातही असतात. शिराजमधली मिरी रोटुंडोन नावाच्या रसायनामुळे, आणि तेच रोटुंडोन काळ्या मिरीतही आहे. हे सांगितलं की “वाइनमध्ये मिरी घालतात का?” हा प्रश्न संपतो. नाहीतर तो येतोच.

चवीचंही तसंच. टॅनिन म्हणजे काय, यावर व्याख्यान देऊ नका. दोन चमचे चहा पावडर कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. दूध नाही, साखर नाही. गार करून घोट द्या. हिरड्या कोरड्या पडतात, ते टॅनिन. आंबटपणा आणि गोडव्याच्या कुस्तीसाठी दोन ग्लास: २०० मिली पाण्यात दोन चमचे साखर, आणि दुसऱ्यात तेवढ्याच साखरेवर दोन चमचे लिंबाचा रस. साखर सारखीच, पण दुसरा कमी गोड लागतो. त्यानंतर किंचित गोड शेनिन दिलीत की ती गुळमट का लागत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. ‘वेळ वाचवायला’ हेच गाळणारे पुढचे दोन तास स्वतःच बोलत बसतात.

क्रम: स्पार्कलिंग, कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) व्हाइट, रोझे, हलकी रेड, जड रेड, गोड वाइन शेवटी. उलटं केलंत तर गोड वाइननंतरची कोरडी नुसती आंबट लागते.

खाणं

चकणा नको. तिखटाची जळजळ अल्कोहोलने वाढते, त्यामुळे मसाला शेंगदाण्यांबरोबर चांगली कॅबर्ने (तीही एक जड रेड) कडू वाटते. साधा पाव, बिनमिठाची बिस्किटं, पाणी. चीज सगळ्यात शेवटी द्या, कारण मीठ आणि चरबी टॅनिन लपवतात आणि दोष असलेली वाइनही बरी लागते.

घोट किती, आणि घरी कसं जायचं

७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे पंधरा घोट कागदावर, प्रत्यक्षात चौदा. अंदाजाने ओतू नका, मापाचा पेला वापरा. आता हिशेब बघा. सहा वाइन गुणिले ५० म्हणजे ३०० मिली. १३ टक्क्यांची वाइन धरली तर साधारण ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात दोन तासांनंतरही १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल राहू शकतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा नेमकी तीच आहे. वजन कमी असेल तर आणखीच वाईट. म्हणून घोट ३० मिलीचा करा, थुंकायला प्रत्येकाला वेगळा अपारदर्शक पेला द्या, आणि पहिल्यांदा स्वतः थुंकून दाखवा. यजमान थुंकला नाही तर कोणीच थुंकत नाही. एवढं करूनही गाडी घेऊन येऊ नका, हे बुकिंगमध्येच लिहा.

परवाना ‘नंतर बघू’

“वाइन फुकट देतो, पैसे शिकवण्याचे घेतो” ही चलाखी प्रत्येक नवशिक्याला सुचते आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचली असं वाटतं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या राज्यात तिकीट लावून ओतलेली वाइन ही घरगुती पार्टी राहत नाही. हॉल घेणार असाल तर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून कार्यक्रमासाठी एक दिवसाचा परवाना काढा. पिणाऱ्यांच्या परवान्यांचंही तिथेच विचारा, आणि बाटल्यांची पावती जवळ ठेवा. सोपा मार्ग म्हणजे परमिट रूमचा परवाना असलेल्या रेस्टॉरंटशी जमवणं. मंगळवारची संध्याकाळ त्यांची रिकामीच असते. वाइन ते मागवतील आणि ओततील, तुम्ही शिकवा. वयाच्या बाबतीत तर्क लढवत बसू नका: २५ पूर्ण नसेल तर नाव घेऊ नका, ओळखपत्र दारातच बघा. तारीख ठरवताना ड्राय डे तपासा. २ ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, पण मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस विसरला जातो. वाइनची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे पोस्टरवर बाटलीचा फोटो नको.

दर

बाटल्यांच्या खर्चाला बाराने भागून वर थोडं टाकलं, असा दर ठरत नाही. उदाहरण घ्या: हजार रुपयांच्या सात बाटल्या ७,०००, हॉल ३,०००, पाव-चीज-पाणी १,८००, मदतनीस १,०००, बर्फ आणि प्रवास १,२००, ग्लासफूट ४००. एकूण १४,४००, आणि यात परवान्याची फी नाही, तुमचा मेहनताना तर नाहीच. बारा जणांत १,२०० होतात. पण येतात आठ, आणि १,२०० च्या दराने ९,६०० जमतात. म्हणून भागाकार नेहमी आठने करा, पैसे आधी घ्या. पिण्याची वाइन जीएसटीच्या बाहेर असली तरी शिकवण्याची फी त्यात येते. उलाढाल २० लाखांकडे सरकायला लागली की सीए गाठा.

उरलेल्या बाटल्या

पुढच्या शनिवारच्या टेस्टिंगला वापरू नका. उघडलेली व्हाइट फ्रिजमध्ये झाकण लावून दोन-तीन दिवस बरी राहते, स्पार्कलिंग घट्ट स्टॉपर असेल तर एखादाच दिवस. उरलेल्यातली एक बाटली मुद्दाम आठवडाभर ओट्यावर उघडी ठेवा आणि ऑक्सिडाइझ झालेली, म्हणजे हवा लागून बिघडलेली वाइन कशी असते ते दाखवायला वापरा. तपकिरीकडे झुकलेला रंग, मार लागलेल्या सफरचंदाचा वास, वर व्हिनेगरची छटा. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘बिघडलेली’ लिहून ठेवा, नाहीतर मदतनीस तीच ओततो.