चीनमध्ये शाकाहारी जेवण मागताना

शांघायला राहायला आले तेव्हा मी हॉटेलात ‘मांस नको’ एवढंच सांगायचे, आणि तरीही फरसबीच्या भाजीत खिमा यायचा. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. चिनी भाषेत नुसतं ‘रौ’ (मांस) म्हटलं की बहुतेकांच्या मनात डुकराचं मांस येतं. चवीपुरता खिमा, चरबी किंवा ऑयस्टर (कालवांचा) सॉस यांना कोणी त्यात धरत नाही. म्हणून ‘वो छ्र सू’ म्हणा, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’. उच्चार चुकतोच, तेव्हा हे वाक्य आणि ‘खिमा, चरबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर नको’ ही यादी चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि सरळ दाखवा.

मापो तोफू या तिखट रश्शातल्या तोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पदार्थात बहुधा खिमा असतोच. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीचं ‘दी सान श्येन’ त्या मानाने बरं, तरी यादी दाखवाच.

सगळ्यात खात्रीची म्हणजे बौद्ध पद्धतीची शाकाहारी उपाहारगृहं. मोठ्या मंदिरांच्या आसपास ती हमखास सापडतात. शांघायमधलं ‘गोंगदलिन’ तर १९२२ पासूनचं. पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मासात माझ्याकडे आलेली आई अशा ठिकाणी निर्धास्त जेवली.