तडजोडीचा आकडा नाकारला, मग खर्च कुणावर? या चुका टाळा

"दोन लाखाला मी तयार होतो की, समोरच्यानंच ऐकलं नाही. मग त्याचा दाव्याचा खर्च मी का द्यायचा?" निकाल लागला की पक्षकाराचा हा प्रश्न ठरलेला. वकील म्हणून मी उलट विचारतो, ते दोन लाख बोललात कुठं? उत्तर येतं, सांगलीत विजयनगरला, कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर. म्हणजे कोर्टाच्या लेखी काहीच घडलं नाही.

समजा, मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यावर हळदीच्या उधारीचा २ लाख ८० हजारांचा दावा आहे. त्याच्या वहीप्रमाणे देणं फक्त २ लाख. त्यानं तोंडी बोलण्यात वेळ घालवू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २४ खाली ती रक्कम कोर्टात भरावी आणि वादीला नोटीस जाऊ द्यावी. पुढं कोर्टानं देणं तेवढंच धरलं, तर रक्कम भरल्यानंतरचा दाव्याचा खर्च वादीवर येतो. आधीचाही, जेवढा फुगवलेल्या मागणीमुळे झाला तेवढा.

इथं घोटाळा होतो तो व्याजाचा. माणूस मुद्दल मोजून भरतो आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज विसरतो. मग भरणा पुरा ठरत नाही आणि खर्चाचा फायदा हातचा जातो. एक मात्र पदरात पडतं: रक्कम कमी असली, तरी भरलेल्या पैशावर नोटीस मिळाल्यापासून पुढं व्याज चढत नाही.

वादीची भीती वेगळी. पैसे उचलले की दावा बुडाला, असं त्याला वाटतं. तसं नाही. 'अंशतः' म्हणून उचलून उरलेल्यासाठी लढता येतं. फक्त पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करण्याआधी तो एक शब्द वाचा. 'पूर्ण' लिहून गेलं की संपलं.

हाच व्यापारी व्यवहाराचा दावा ३ लाख किंवा वरचा असता तर वाट बदलते. कमर्शियल कोर्ट्‌स कायद्यानं अशा वादांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं खर्चाबद्दलचं कलम ३५ बदललं. वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारला का, हे खर्च ठरवताना कोर्टाला बघावंच लागतं. तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीही सक्तीची आहे. पण तिथली बोलणी गोपनीय. तिथं टाकलेला आकडा पुढं कोर्टात काढता येत नाही, म्हणून मध्यस्थीबाहेर वेगळं पत्र द्या.

आणि त्या पत्रावर सवयीनं 'विदाऊट प्रेज्युडिस' (आमच्या हक्काला बाधा न येता) एवढंच ठोकू नका. वकिलांच्या ऑफिसात हे शब्द शिक्क्यासारखे पडतात. पत्र पुरावा म्हणून वापरायचं नाही, अशी अट त्यात आली की खर्चाच्या वेळी तेच पत्र दाखवायची पंचाईत. खाली एक ओळ वाढवा: "खर्चाचा प्रश्न निघाल्यास हे पत्र कोर्टापुढे ठेवण्याचा हक्क राखून." रक्कम, व्याज, पैसे कधी देणार आणि उत्तराची मुदत लिहा. रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टानं पाठवा, पोच मिळाल्याचा पुरावा फाइलला लावा.