भाड्याच्या फ्लॅटची दुरुस्ती एजंट आणि मालक यांच्यात अडकत असेल तर (माझा अनुभव)

फोंड्यातील आमचा फ्लॅट एजंटमार्फत भाड्याने दिलेला आहे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपभोवतीचे (फरशीतील पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालील भांड्याभोवतीचे) सिमेंट सुटून खालच्या मजल्याच्या छतावर तपकिरी ओल उमटू लागली; भाडेकरू एजंटला कळवी, एजंट मला सांगे, आणि प्लंबर काही येत नसे. एजंटला वारंवार फोन केले, दुसरा एजंट पाहिला, भाडेकरूला थेट प्लंबर बोलावण्यास सांगितले; पण खर्च कोणाचा, या प्रश्नावर सारे थांबे. फार मनस्ताप झाला.

उपाय या क्रमाने लागू पडला. प्रथम एजंटकडून लेखी घेतले की दलाली केवळ भाडेकरू शोधून करार करण्यापुरती आहे. मग देखभालीचा स्वतंत्र करार केला: मासिक शुल्क, मला न विचारता करायच्या खर्चाची मर्यादा, आणि प्रत्येक कामाचे आधीचे व नंतरचे छायाचित्र बिलासह. त्यानंतर भाडेकराराला परिशिष्ट जोडले: गळती, वायरिंग, भिंती माझ्याकडे, नळाचे वायसर, बल्ब भाडेकरूकडे. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार मालकाने बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचनेनंतरही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. शेवटी भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात मी स्वतः दिला आणि पोच फाईलला लावली. ट्रॅपभोवती नव्याने वॉटरप्रूफिंग झाले असून छत कोरडे आहे.