लिक्विड ऑक्सिजनचा पंप थंड करताना या चुका टाळा

बाहेरून पांढरा दिसला की पंप थंड झाला, हा समज सिलिंडर भरणाऱ्या फिलिंग प्लँटांमधून गेला तर दुरुस्तीला येणारे कितीतरी कोल्ड एंड, म्हणजे पंपाचे लिक्विडमध्ये चालणारे थंड भाग, येणारच नाहीत. नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी कुणीतरी हे शिकवतो आणि तो जन्मभर तेच धरून बसतो.

हवेतला ओलावा शून्य अंशाखाली गोठून धातूवर बसतो. लिक्विड ऑक्सिजन उकळतो उणे १८३ अंशांना. म्हणजे पंपावर पांढरा थर धरला तेव्हा त्या धातूला अजून दीडशे अंशांहून जास्त खाली उतरायचं असू शकतं. शिवाय तो थर हवेवर अवलंबून. तळोज्याला जुलैमध्ये बघता बघता धरतो, बुटीबोरीला मे महिन्यात धरता धरत नाही. पंप तोच, लिक्विड तेच. मग त्या थरावरून पंपाची परीक्षा कशी करणार?

पंप अर्धवट थंड असताना चालू केला की लिक्विड आत शिरताच उकळतं. एक लिटर लिक्विडचा साधारण ८६० लिटर गॅस होतो. पिस्टन मग लिक्विड ढकलत नाही, नुसता गॅस दाबत बसतो. यालाच आपण पंपाने गॅस पकडला म्हणतो. ऑक्सिजनच्या पंपात तेल चालत नाही, त्यामुळे टेफ्लॉनच्या रिंगांना थंड ठेवणारं आणि घर्षण कमी करणारं जे काही असतं ते लिक्विडच. तेच नसेल तर रिंगा कोरड्या घासतात आणि बघता बघता झिजतात.

२०२१च्या एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या एका फिलिंग प्लँटमधून रात्री फोन आला. टँकर उशिरा पोचला होता. तोवर टँक तळाला गेलेला, सक्शन लाइन (टँकमधून पंपात लिक्विड आणणारा पाइप) आणि पंप दोन्ही बाहेरच्या हवेइतके तापलेले. गेटबाहेर रिकामे सिलिंडर घेतलेले टेम्पो, त्यांच्यासोबत पेशंटचे नातेवाईक. ऑपरेटरने पांढरा थर बघितला आणि बटण दाबलं. डिस्चार्जच्या, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या बाजूच्या, प्रेशर गेजचा काटा थरथरला आणि खाली पडला. त्याने पंप बंद करून परत चालू केला. काटा परत पडला. असं तो करतच राहिला. मी कोल्ड एंड उघडला तेव्हा रिंगांचा चुरा चेक व्हॉल्व्हच्या (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर बसला होता आणि रिंगा बोटाने वाकत होत्या. नव्या रिंगा पुण्याहून यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोवर रांगेतले टेम्पो दुसऱ्या प्लँटकडे पाठवावे लागले. त्या पोराला मी बोल लावत नाही. ‘कूलडाऊन राहू दे, आधी सिलिंडर लाव’ म्हणणारा माणूस त्याच्या डोक्यावर उभा होता, आणि बोल त्याला लावायला हवा. वीस मिनिटं वाचवायला गेले आणि अख्खी रात्र घालवली, तीही अशा वेळी.

माझी पद्धत अशी. आधी रिटर्न व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, म्हणजे उकळलेल्या गॅसला टँकच्या वरच्या भागात जायला वाट मिळते. मग सक्शन थोडासाच उघडतो आणि व्हेंटकडे, म्हणजे गॅस बाहेर हवेत सोडणाऱ्या तोंडाकडे, कान देऊन उभा राहतो. सुरुवातीला कोरडा फुसफुसाट येतो. मग तो अडखळतो, मधूनच लिक्विड थुंकल्यासारखं उडतं, आणि शेवटी न तुटणारी धार लागते. टेंपरेचर सेन्सर असेल तर त्याचा आकडा खाली येणं थांबून स्थिर झालेला असला पाहिजे. धार लागल्यावरही मी आणखी पाच मिनिटं थांबतो. पंप सुरू करताना अनलोडिंग व्हॉल्व्ह (पंपावरचा भार काढणारा) उघडा ठेवतो आणि प्रेशर धरलं की हळूहळू बंद करतो. काटा अर्ध्या मिनिटात ठरला नाही तर पंप बंद, आणि पुन्हा कूलडाऊन. लगेच दुसरा स्टार्ट द्यायचा नाही.

दुसरी चूक टँकची. प्रेशर वाढलंय म्हणून पंप चालू असताना टँकचा व्हेंट उघडतात. प्रेशर अचानक उतरलं की लिक्विड टँकमध्ये आणि सक्शन लाइनमध्येच उकळायला लागतं आणि उत्तम थंड झालेला पंपही गॅस पकडतो. इस्रोची १२ ऑगस्ट २०२१ची जीएसएलव्ही-एफ१० मोहीम याच जातीच्या कारणाने फसली. व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्हमधून गळती झाली, हायड्रोजनच्या टँकमधलं प्रेशर कमी पडलं आणि आतला बूस्टर पंप नीट चालला नाही. त्यामुळे व्हेंट करायचंच असेल तर कूलडाऊनच्या आधी करा, हळू करा आणि लिक्विड शांत होऊ द्या.

पावसाळ्यात पंप उघडून जोडला आणि पर्जिंग न करता, म्हणजे कोरडा गॅस सोडून ओलावा बाहेर न काढता, लिक्विड सोडलं तर आतला ओलावा गोठतो आणि पिस्टन जागीच अडकतो. मग पाना लावून शाफ्ट फिरवणारे आहेत, गरम पाणी ओतणारेही आहेत. दोन्ही बंद करा. कोरडा, तेलविरहित नायट्रोजन सोडा आणि बाहेर येणाऱ्या गॅसचा दवबिंदू उणे ४०च्या खाली जाईपर्यंत सोडत राहा. अडकलेला पंप सोडवायलाही हाच नायट्रोजन, कोमट करून.

सक्शन एका झटक्यात पूर्ण उघडू नका. स्टेनलेस स्टीलचा पाइप इतक्या थंडीत मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आखडतो, आणि तो एका बाजूनेच आखडला की फ्लँज, म्हणजे पाइपचे बोल्टने जोडलेले सांधे, गळायला लागतात.

ग्रीसचे हात किंवा हातमोजे पंपाजवळ नकोत.

व्हेंटचं लिक्विड डांबरावर कधीही सोडू नका. ऑक्सिजनने भिजलेलं डांबर नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. खाली काँक्रीटच हवं. व्हेंटजवळ उभं राहिलेल्याच्या कपड्यांत ऑक्सिजन मुरतो, म्हणून त्याने नंतर निदान पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत काढल्याशिवाय बिडी, वेल्डिंग कशाच्याही जवळ जायचं नाही.

पंप बंद करताना सक्शन आणि डिस्चार्ज बंद केलेत तरी रिटर्न उघडा ठेवा. दोन बंद व्हॉल्व्हांमध्ये लिक्विड अडकलं तर ते तापून गॅस होणारच, आणि त्या तुकड्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर पाइप फाटतो. तुमच्या लाइनवर असा एखादा तुकडा आहे का, ते पुढच्या स्टार्टच्या आधी चालत जाऊन बघा.