दातांच्या तारेची ॲलर्जी: ओळखायची कशी, करायचं काय

तार लावण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. बेंटेक्सचं कानातलं किंवा जीन्सचं बटण लागलं की कातडी खाजते का? फुगा फुगवल्यावर ओठ सुजतात का? पहिली खूण निकेल या धातूच्या ॲलर्जीची, दुसरी लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या. 'गुजरीतलं (कोल्हापूरच्या सराफ बाजारातलं) सोन्याचंच चालतं, दुसरं कानाला सोसत नाही' असं घरात कुणी म्हणत असेल, तर तेही सांगा.

सुरुवातीच्या लवचिक निकेल-टायटॅनियम तारेत निम्म्याच्या आसपास निकेल असतं. स्टीलमध्ये ते साधारण ८ टक्के, आणि धातूत घट्ट धरलेलं. शिवाय तोंडात लाळ सतत धुऊन काढते. म्हणून कानाला निकेल न सोसणाऱ्यांनाही स्टील बहुधा चालतं.

आता खरी गफलत. एकाच जागी टोचून फोड आला असेल, तर ते तारेचं टोक आहे. तारेवर लावायचं खास मेण लावा, डॉक्टरांकडून टोक कापून घ्या. हिरडीच्या कडेलाच लाली आणि ब्रश करताना रक्त, म्हणजे दातांवर साचलेला थर. तांबड्या रश्श्याची जळजळ तासाभरात उतरते. ॲलर्जीची लाली मात्र पसरट असते: गालाच्या आत, ओठांवर, कधी तोंडाभोवती खाजरं पुरळ. निकेलची ॲलर्जी उशिरा उठते, तार बसवल्यावर एक ते तीन दिवसांनी.

अशा वेळी तार घरी ओढून काढू नका. फोटो काढून ठेवा, दवाखान्यात दाखवा. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात: ५ टक्के निकेल सल्फेटची पट्टी ४८ तास ठेवायची, ती काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी तिथली कातडी तपासायची. तोवर पाठ ओली करायची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर निकाल खोटा येतो.

निकेल ठरलं, तर निकेल नसलेली बीटा-टायटॅनियमची तार, टायटॅनियमचे किंवा धातूची खाच नसलेले सिरॅमिक ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतात ते तुकडे), नाहीतर अलायनर, म्हणजे तारेऐवजी घालायचे पारदर्शक साचे.

लॅटेक्सचं प्रकरण वेगळं. तारेला अडकवायचं रबर लावल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, तर रबर काढून टाका. दम लागला, घसा आवळला, की थेट १०८. पुढे लॅटेक्स नसलेली रबरं आणि नायट्राइलचे हातमोजे मागा.

शेवटी रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी. त्याच्या ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये उरलेला मोनोमर (न जमलेला कच्चा माल) टाळूला झोंबतो. नवा रिटेनर घालण्याआधी २४ तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यात नको, वाकडा होतो.